ओल्या वादीचा नवस

मांजरा नदी निवळगावाजवळ येते तेव्हा तिला कसलीच घाई नसते. गावाला ऐसपैस वळसा घालून, घाटाच्या पायऱ्यांशी जरा रेंगाळून मगच ती पुढे जाते. त्या पायऱ्यांच्या वर महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि देवळाला लागून एक दगडी ओवरी. श्रीखेमगीर महाराज तीर्थयात्रा करत करत निवळगावी आले, त्या ओवरीत त्यांनी पाठ टेकली आणि पुढची यात्रा त्यांना आठवलीच नाही. कुणी विचारलं, "महाराज, तुम्ही काशीला निघाला होतात ना?" की महाराज म्हणत, "निघालो होतो खरा. पण इथली आंबील फार चांगली निघाली." विचारणारा हसे, महाराजही हसत, आणि काशीचा विषय तिथेच मिटे. चमत्काराचा विषय निघाला तरी ते असंच काहीतरी बोलून उठून जात. भाविकांनी आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं, तेवढंच आपल्यापर्यंत आलं आहे. त्यातलाच हा प्रसंग.

महाराजांना भजनाचा भारी नाद. दिवे लागले की ओवरीसमोर माणसं जमत, टाळ निघत, पखवाजावर थाप पडे. या भजनाचं दोन माणसांवाचून पान हलत नसे. एक पखवाज वाजवणारे अंबादासबुवा आणि दुसरा त्यांचा पखवाज मढवून देणारा सटवाजी डबगर. अंबादासबुवा बैठकीच्या मधोमध बसत. सटवाजी बसे घाटाच्या पायरीवर, आणि तीही खालची. मोगलाईतला तो काळ. चामड्याचं काम करणाऱ्याने देवळाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही असा गावाचा रिवाज होता, आणि तो मोडावा असं गावात कुणाला वाटत नव्हतं. महाराज मात्र रोज हाक मारत, "सटवाजी, वर ये की." सटवाजी हात जोडून म्हणे, "हितनं आवाज साफ येतोय, महाराज." ते अगदीच खोटं नव्हतं. पुडीत, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरच्या चामड्यात, कुठे ढिलाई आहे, तिच्यावरची काळी शाई कुठे उतरली आहे, हे त्याला लांबूनच बरोबर कळे.

अंबादासबुवांच्या हातात देवाची देणगी होती, हे कबूल केलंच पाहिजे. त्यांनी बोल काढायला सुरुवात केली की डुलक्या घेणारी म्हातारी माणसंही ताठ बसत. पण देणगीबरोबर ताठाही आला होता. "वाजवणारा मी आहे," असं ते चारचौघांत म्हणत, "चामडं काय, कुणीही ताणतं." ज्या चामड्यावर बुवांचे हात रोज पडत, त्याचा विटाळ नव्हता. ते चामडं मढवणाऱ्याचा मात्र होता. माणसाचं डोकं कधी कधी असं चालतं, त्याला आपण काय करणार?

चैत्रातला नामसप्ताह जवळ आला होता. ओवरीतला पखवाज जुना झाला होता, त्याच्या खोडाला चीर गेली होती. सटवाजीने मनाशी ठरवलं की या सप्ताहाला महाराजांच्या पायाशी नवा पखवाज ठेवायचा. खैराचं चांगलं मुरलेलं खोड त्याने मिळवलं, आतून कोरून घेतलं, पुड्या तयार केल्या. एके दिवशी अंगणात तो खोड फिरवत होता, तेव्हा ते जड लाकूड टेकणीवरून निसटलं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खोड आणि दगडी पाटा यांच्यामध्ये सापडली. मधलं बोट नुसतं खरचटलं. अंगठ्याशेजारचं मात्र पार चेचलं गेलं.

आता इथे सटवाजीने जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. वादी म्हणजे कातड्याची लांब, चिवट पट्टी. पाण्यात भिजवली की ती मऊ पडते, हवी तशी वळते. वाळली की आवळून अशी बसते, की लोखंडाचं कडंही इतकं घट्ट बसणार नाही. पखवाज याच वादीने आवळतात. डबगराच्या घरात काहीही तडकलं, हातोडीचा दांडा असो की पाळण्याचा पाय, त्यावर ओली वादी गुंडाळली की काम झालं. सटवाजीचा सगळा जन्म त्या वादीच्या भरवशावर गेला होता. त्याने पाण्याच्या कुंडीतली ओली वादी उचलली, दातांत एक टोक धरलं आणि चेचलेल्या बोटाला मुळापासून वरपर्यंत वेढे दिले.

"खेमगीर महाराजांच्या नावानं बांधतुया," तो म्हणाला. "सप्त्याचा काला झाल्याबिगर सोडनार न्हाई."

त्याची बायको ठकूबाई भाकरी टाकून धावत आली होती. ती म्हणाली, "अवो, बोट म्हंजे काय हातोडीचा दांडा हाय का?"

"महाराजांचं नाव घेतलंय. आता गप ऱ्हा."

ठकूबाई गप राहिली, पण तिचा जीव काही गप राहिला नाही. वादी वाळत गेली तसा सटवाजीचा हात खांद्यापर्यंत ठणकू लागला. तो घोंगडीचं टोक तोंडात धरून बसे. ठकूबाई सोडा म्हणे, तो मान हलवे. आणि मग एके सकाळी ठणका एकदम थांबला. सटवाजीने बोट दाबून पाहिलं, पाट्यावर आपटून पाहिलं. काही म्हणता काही नाही. तो आनंदाने अंगणात उभा राहिला आणि दिसेल त्याला सांगू लागला, "महाराजांनी मपलं दुखनं काढून घेतलं."

भोळ्या माणसाचा तो आनंद आठवला की वाईट वाटतं. दुखणं गेलं नव्हतं, बोट गेलं होतं. आवळलेल्या वादीखाली रक्त पोहोचत नव्हतं, आणि जिथे रक्त नाही तिथे दुखायला तरी कोण उरतं? सटवाजी मात्र उरलेल्या बोटांनी पुड्या चढवत होता, वाद्या ओढत होता, आणि मनात महाराजांचे आभार मानत होता.

सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो पखवाज घेऊन ठकूबाईबरोबर घाटावर आला. शाईचा शेवटचा हात तेवढा राहिला होता, तो काल्याच्या आधी द्यायचा होता. अंबादासबुवा पखवाज बघायला चार पायऱ्या उतरून आले आणि नाकाला उपरणं लावून तिथेच थांबले.

"कातडं कमावलंयस की कच्चंच चढवलंयस रे? वास कसला येतोय हा?"

"कातडं चांगलं हाय, बुवा."

"मग वास तुझा आहे." बुवांची नजर त्याच्या हाताकडे गेली. "अरे, बोट सडलंय याचं. आणि हा गावभर सांगत फिरतोय, महाराजांनी दुखणं काढून घेतलं. बघा मंडळी, कृपा बघायची असेल तर या. जरा लांबून बघा."

घाटावरची माणसं हसली. सटवाजीने हात धोतराच्या सोग्याखाली लपवला.

"मला काय बी म्हना, बुवा," तो म्हणाला, "पन महाराजांचं नाव त्यात घिऊ नका."

हसणं ओवरीत ऐकू गेलं होतं. महाराज बाहेर आले आणि कुणाशी न बोलता सगळ्या पायऱ्या उतरून सटवाजीच्या शेजारी खालच्या पायरीवर येऊन बसले.

महाराज म्हणाले, "हात बघू."

सटवाजीने हात पुढे केला, पण वादीवर दुसरा हात धरून ठेवला. "सोडायची न्हाई, महाराज. काल्यापोतर नवस हाय."

"कुणाच्या नावानं?"

"तुमच्याच की."

"कमाल आहे," महाराज म्हणाले. "माझ्या नावानं माणसाचं बोट आवळून ठेवलंय, आणि मलाच पत्ता नाही. सोड ती."

"नवस मोडंल, महाराज. तुमची कृपा निघून जाईल."

"माझी कृपा काय वादीनं बांधलीय होय रे? सुटली की पळून जायला?"

सटवाजीने हात सैल सोडला. महाराजांनी आपला पाणी पिण्याचा लोटा मागवला. वाळलेली वादी तशीच ओढली असती तर तिच्याबरोबर मांस निघालं असतं. सटवाजीचा हात मांडीवर घेऊन महाराज वादीवर थोडं थोडं पाणी सोडत राहिले. भगव्या वस्त्रावर घाण ओघळत होती. अंबादासबुवा तोंड फिरवून उभे होते. वादी मऊ पडली तसा महाराजांनी एकेक वेढा उलगडला.

बोट काळं पडलं होतं, वाळलेल्या शेंगेसारखं सुकलं होतं. पेराशी कातडी फाटली होती आणि त्यातून हाड दिसत होतं. ठकूबाईने पदर तोंडावर घेतला.

त्र्यंबकपंत वैद्यांना बोलावणं गेलं. पंत चांगला माणूस, हात हलका आणि बोलणं सरळ. त्यांनी सळईने त्या हाडावर हळूच टिचकी मारली आणि विचारलं, "कळतंय?" सटवाजी म्हणाला, "काय?" पंतांनी सळई पुसून ठेवली.

"हाड मेलंय, महाराज," ते म्हणाले. "आधी चेचलं, मग वादीनं त्याचं रक्त तोडलं. मेलेलं हाड अंगात राहिलं की नासत जातं आणि नासकेपणा वर चढतो. बोट मुळापासून काढावं लागेल. आज बोटावर भागेल. उशीर केला तर पंजा जाईल, आणि त्यानंतर माणूसच."

सटवाजीने बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग म्हणाला, "काढा. पन एक सांगतो, महाराज. शाई घोटताना मला डोळ्यानं काय दिसत न्हाई. ह्ये बोट सांगतं. कुटं जाड बसली, कुटं पातळ बसली, ह्येच सांगतं. ह्ये गेलं की मी चामडं ताणीन, पन पखवाज मपल्या हातून व्हायचा न्हाई." त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठं दुःख हे होतं. गावातल्या भजनात त्याचा वाटा एवढाच होता, तोही आता जाणार होता.

"देवाच्या दारात चामडं घेऊन आलं की असंच व्हायचं," अंबादासबुवा म्हणाले. "पाप कुठून तरी बाहेर पडतंच."

त्र्यंबकपंतांनी मान वर केली. "बुवा, रोज संध्याकाळी तुमच्या मांडीवर काय असतं हो? भोपळा?"

काही जण गालात हसले. बुवा लालबुंद झाले.

महाराजांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सटवाजीचा हात अजून सोडला नव्हता. ते म्हणाले, "वैद्यबुवा, काल्यापर्यंत थांबाल का? त्याचा नवस होता तेवढाच. तो आता माझ्याकडे राहू दे."

पंतांनी सटवाजीचं मनगट चाचपून पाहिलं. "थांबेन. पण रोज येऊन बघेन. लाली मनगटाला टेकली, तर मी तुम्हालाही विचारणार नाही. कापून मोकळा होईन."

"विचारू नका," महाराज म्हणाले. मग त्यांनी सटवाजीला उठवलं आणि त्याचा हात धरून पायऱ्या चढवून ओवरीत नेलं. सटवाजी दारात अडला. महाराजांनी हात सोडला नाही.

अंबादासबुवा मागोमाग आले आणि ओवरीबाहेर उभे राहिले. "महाराज, स्पष्ट बोलतो. तो आत असेल तर मी या सप्ताहात पखवाजाला हात लावणार नाही."

"बरं," महाराज म्हणाले. "बसावंसं वाटलं की ये. तुझी जागा मी कुणाला देणार नाही."

बुवांना वाटलं होतं, मंडळी आपल्याला धरून ठेवतील. कुणीतरी म्हणेल, बुवांवाचून सप्ताह कसला? तसं म्हणणारे निघालेही, पण महाराज शांत बसले होते आणि त्यांच्यापुढे मोठ्याने बोलायची कुणाची छाती झाली नाही. सप्ताह नुसत्या टाळांवर सुरू झाला. बुवा घरी ओसरीवर बसून बोलावण्याची वाट पाहू लागले. बोलावणं आलं नाही. नुसत्या टाळांचा आवाज येत राहिला, आणि तो त्यांना कसातरीच लागे.

इकडे ओवरीत महाराज सटवाजीची शुश्रूषा करत होते. कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी कोमट झालं की त्याने ते बोट धूत, मध आणि हळद लावत, धुतलेल्या मऊ फडक्याने सैलसर बांधत. भाकरी दुधात कुस्करून भरवत. सटवाजीला तापात लाज वाटण्याइतकी शुद्ध होती, हेच त्याचं दुखणं झालं होतं.

"कापून टाका, महाराज," तो म्हणे. "मपल्यासाठी तुमचे हात घान व्हत्यात."

"तुझ्या हातांनी इतकी वर्षं माझं भजन सांभाळलं," महाराज म्हणाले. "आता चार दिवस माझ्या हातांनी तुझं बोट सांभाळलं तर एवढं काय बिघडलं? दूध पी."

पंत रोज येत आणि रोज गंभीर होऊन जात. लाली आज पंजावर, उद्या त्याच्या वर. ठकूबाई पायरीवर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघे आणि काही विचारत नसे. काल्याच्या सकाळी पंत आले, फडकं सोडलं आणि हात उलटा करून पाहिला. लाली मनगटाला टेकली होती. पिशवीतून शस्त्र काढून त्यांनी निखाऱ्यात ठेवलं. पायरीवरची ठकूबाई उठून ओवरीच्या दारात आली.

"महाराज," पंत म्हणाले, "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," महाराज म्हणाले. "काल्याचं भजन संपत आलंय. शस्त्र तापेपर्यंत मला त्याचा हात धरू द्या."

महाराजांनी सटवाजीचं ते काळं बोट आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये घेतलं आणि डोळे मिटले. बाहेर नामाचा गजर चालला होता. महाराजांच्या ओठांची हालचाल होत नव्हती. ते नुसते हात धरून बसले होते, आजाऱ्याजवळ घरचं माणूस बसतं तसे. ठकूबाईने हात जोडले. निखाऱ्यातलं शस्त्र लाल झालं आणि पंतांनी ते चिमट्याने उचललं.

तेवढ्यात महाराजांनी हात उघडले. त्यांच्या तळव्यावर करड्या रंगाचा हाडाचा एक तुकडा पडलेला होता. रक्ताचा थेंब नाही, पू नाही. झाडावरून पिकलं पान गळावं तसं ते मेलेलं हाड आपोआप सुटून आलं होतं. पंतांनी शस्त्र खाली ठेवलं आणि वाकून पाहिलं.

"सुटलं," ते पुटपुटले. "पण आता बोट रिकामं राहिलं, महाराज. आत हाडच नाही. पिशवीसारखं लोंबेल ते."

महाराजांनी हाड पळसाच्या पानावर ठेवलं आणि बोट पुन्हा तळव्यांत मिटून घेतलं. या खेपेला वेळ गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यांचा श्वास अडखळला, तेव्हा सटवाजी घाबरून हात काढून घेऊ लागला, पण महाराजांनी तो काढू दिला नाही. गजर थांबला, काल्याची हंडी फुटली, माणसांचा गलका झाला. आणि सटवाजी एकदम ओरडला.

"काय झालं?" पंतांनी विचारलं.

"दुखतंय," सटवाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "महाराज, बोट दुखतंय."

महाराजांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा थकला होता, पण प्रसन्न होता. "दुखू दे," ते म्हणाले. "जिवंत माणसाचं बोट आहे ते. दुखायचंच."

त्यांनी हात सोडला. बोटाचा काळेपणा ओसरला होता, जखमेच्या तोंडाशी लाल, ताजं मांस दिसत होतं, मनगटावरची लाली उतरली होती. "मूठ वळ," महाराज म्हणाले. सटवाजीने मूठ वळली. बोट कण्हत कण्हत इतर बोटांबरोबर वळलं. पंतांनी ते पेरापेराने चाचपलं. जिथे पोकळी असायला हवी होती, तिथे त्यांना घट्ट, शाबूत हाड लागलं. पंतांनी जन्मभर माणसांची हाडं बसवली होती. ते भिंतीला टेकून बसले. ठकूबाईने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिला जे रडायचं होतं ते ती आता रडली.

सटवाजीला एकच सुचलं. कोपऱ्यात त्याचा पखवाज शाईच्या सामानासह तसाच पडला होता. त्याने तो ओढून घेतला, वाटीतली शाई भिजवली, ती पुडीवर पसरली आणि गुळगुळीत दगडाने घोटू लागला. मध्येच थांबून ते दुखरं बोट पुडीवरून फिरवे. बोट पूर्वीसारखंच सांगत होतं. शाई वाळली तशी त्याने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर जुळवला आणि एक थाप दिली.

तो आवाज गावात गेला. अंबादासबुवा ओसरीवर ताडकन उठले. एवढा स्वच्छ, गोल आवाज काढणारा पखवाज पंचक्रोशीत एकच माणूस मढवू शकतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि त्या माणसाचं बोट तर आज कापलं जायचं होतं. ते अनवाणीच निघाले आणि धापा टाकत ओवरीच्या दारात येऊन उभे राहिले.

"कुणी घोटली ही शाई?" त्यांनी विचारलं.

"म्या," सटवाजी म्हणाला.

"खोटं. दाखव बोट."

सटवाजीने हात पुढे केला. विटाळबिटाळ सगळं विसरून बुवांनी ते बोट पकडलं आणि दाबलं. सटवाजी कळवळला. बोट टणक होतं. बुवा हट्टाने म्हणाले, "मग हाड मेलंच नव्हतं. पंतांची चूक झाली."

पंतांनी पळसाचं पान उचलून त्यांच्यापुढे धरलं. बुवांनी पानावरच्या तुकड्याकडे पाहिलं, हातातल्या बोटाकडे पाहिलं. ताठा एवढ्यानेही मोडला नाही. ते जाण्यासाठी वळले.

"अंबादास," महाराजांनी हाक मारली. "काला घेऊन जा. सणासुदीचा उपाशी जाऊ नको."

महाराजांनी द्रोणातला काला उजव्या हाताने उचलून त्यांच्या ओंजळीत दिला. तो सगळा ओंजळीत पडला नाही. महाराजांच्या बोटांतून निसटून अर्धा खाली सांडला. बुवांनी वर पाहिलं. महाराजांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून मऊ फडक्यासारखं लोंबत होतं. त्याच्यात हाड नव्हतं.

सटवाजीच्या हातातला दगड खाली पडला.

"महाराज," बुवा म्हणाले, "हे काय?"

"काही नाही रे," महाराज म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने सांडलेला काला गोळा करू लागले. "हाड काय आभाळातून पडतं? कुठून तरी आणावंच लागतं ना."

अंबादासबुवा महाराजांसमोर गुडघ्यांवर बसले. ज्याला त्यांनी पायरीवर बसवलं, ज्याच्या वासावर गावाला हसवलं, त्याच्यासाठी या माणसाने स्वतःचं हाड काढून दिलं होतं आणि वर कुणाला सांगितलंही नव्हतं. बुवांना रडू फुटलं. त्यांनी आपला उजवा हात, ज्याचा त्यांना जन्मभर गर्व होता तो हात, महाराजांपुढे केला.

"माझं घ्या, महाराज," ते म्हणाले. "माझं बोट घ्या आणि तुमचं बरं करा. मी आजपासून पखवाज सोडला."

महाराजांनी तो हात आपल्या हातात घेतला. ते लोंबणारं बोट बुवांच्या मनगटाला लागलं आणि बुवांच्या अंगावर शहारा आला.

"घेतलं," महाराज म्हणाले. "आता हे बोट माझं. पण मला ठेवायला जागा नाही, तेव्हा तुझ्याकडेच राहू दे. जपून वापर. आणि कुणाच्या पखवाजावर ठेवायचं, ते सटवाजीला विचार."

बुवा गुडघ्यांवर वळले. सटवाजी घाबरून पाय मागे घेऊ लागला, "बुवा, असं नका करू," म्हणू लागला. पण मागे भिंत होती. अंबादासबुवांनी त्या डबगराच्या पायांवर कपाळ टेकवलं आणि तसंच ठेवून विचारलं, "सटवाजी, वाजवू का?"